आपलं माणूस आत आहे

भोपाळच्या ज्या संशोधन संस्थेत मी नोकरी करते, तिथे काही वर्षं आम्ही दोघी एकाच खोलीत बसायचो. मी कायम नोकरीतली, ती प्रकल्पावर घेतलेली. फरक एवढाच, की माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी होती आणि तिच्या टेबलावर तिच्या आधी बसणाऱ्या कुणा गृहस्थांची. ती काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तिनंही कधी काढली नाही. "काढून काय लावू, ताई? माझी मुदत संपेपर्यंत पेंटरसुद्धा येणार नाही," असं म्हणायची.

ती पुण्याची. नवरा इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनियर, म्हणून भोपाळला आलेली. कोलार रोडवरच्या एका नव्या कॉलनीत त्यांचा फ्लॅट होता, घरात एक लहान मुलगा. माझं उलट. राजधानी हलली तेव्हा माझे आजोबा सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरहून इथे आले, मी जन्मलेच इथे, आणि आजही नेहरू नगरात वडिलांनी बांधलेल्या घरात राहते. त्यामुळे माझी मराठी अर्धी नागपूरची आणि अर्धी हिंदीत बुडालेली. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं, "डब्यात काय आणून राहिली आज?" ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान होती. तेव्हापासून मी तिची ताई झाले.

आमचं काम उन्हाचं होतं. हवामान खातं बाहेरचं तापमान सांगतं. पत्र्याच्या छपराखाली, बंद खोलीत किती उकडतं ते कुणी सांगत नाही. आम्ही ते मोजायचो. पेनाच्या टोपणाएवढी छोटी यंत्रं खिळ्याला टांगून ठेवायची, ती आपोआप नोंद घेतात. घरांत मोजलं, दुकानांत मोजलं, आणि मग अशोका गार्डनच्या मागे, रेल्वे लाइनला लागून असलेल्या एका गल्लीतल्या अंगणवाडीत मोजायला गेलो. भाड्याची एक खोली, वर पत्रा, एक दार आणि एक खिडकी, तीही त्याच भिंतीत. एप्रिल लागला की अकरा वाजेपर्यंत मुलं खेळणं सोडून फरशीवर आडवी व्हायची. सेविका आणि तिची मदतनीस पोती भिजवून दारात टांगायच्या. एक चिमुरडी मुलगी रोज आपला फ्रॉक काढून, घडी घालून, पाटीखाली ठेवायची आणि गाल फरशीला लावून पडायची.

आमचे निष्कर्ष साधे होते. बाहेरच्यापेक्षा आत जास्त गरम होतं, आणि ते कमी करण्याचे उपायही साधे होते. पत्र्यावर चुना, खाली बांबूच्या चटया, समोरच्या भिंतीत एक झरोका, आणि उन्हाळ्यात वेळ थोडी आधीची. आम्ही निबंध लिहिला, तो छापून आला. संस्थेच्या फलकावर त्याचं पहिलं पान लागलं आणि पावसाळ्यात ओल येऊन गळून पडलं.

"ताई, हे आपण कुणासाठी लिहितो?" एक दिवस तिनं विचारलं.

मी म्हटलं, "जे वाचतील त्यांच्यासाठी."

"आणि ज्यांनी चुना लावायचा ते?"

त्याच सुमारास दिल्लीहून परिपत्रक आलं. शास्त्रज्ञांनी शासनाच्या धोरणात सहभाग कसा घ्यावा, अधिकाऱ्यांशी कसं बोलावं, ओळखी कशा वाढवाव्यात, हे शिकवणारा आठवड्याभराचा वर्ग होता. आमच्या विभागात कुणाला त्यात रस नव्हता. आम्ही दोघींनी नावं दिली.

वर्ग दिल्लीतल्या एका हॉटेलात होता. एसी इतका थंड, की मी सगळे दिवस शाल पांघरून बसले. शिकवणाऱ्या बाई हुशार होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की स्वतःची ओळख करून देताना आपल्या पदवीपासून सुरुवात करू नका, समोरच्याच्या अडचणीपासून करा. मला ते पटलं, पण जमलं नाही. चहाच्या सुट्टीत अनोळखी लोकांशी बोलायचं, ही तिथली खरी परीक्षा होती. मी खिडकीपाशी बिस्किट धरून उभी राहायचे. ती मात्र पाण्यात सोडलेल्या मासोळीसारखी सगळ्या हॉलभर फिरायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आमच्याच राज्यातले, अंगणवाड्यांचं खातं सांभाळणारे एक मोठे अधिकारी भाषणाला आले होते. भाषण संपल्यावर त्यांच्याभोवती घोळका झाला. कुणी आपलं यंत्र सांगत होतं, कुणी पेटंट. ती पुढे गेली आणि हिंदीत एवढंच म्हणाली, "सर, आपके विभाग के कमरों में बच्चे दोपहर को सोते नहीं, गिर पड़ते हैं।"

ते थांबले. "कहाँ?"

"भोपाल में ही, सर। स्टेशन से दस मिनट।"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. जाताना स्वतःचं कार्ड दिलं. मी लांबून बघत होते. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मी शेजारच्या बाईंना उगाच सांगितलं, "ती माझ्याबरोबर आहे."

परतीच्या गाडीत तिनं सीटसमोरच्या फळीवर सगळी कार्डं पत्त्यांसारखी मांडली. "तुमची दाखवा, ताई."

माझ्याकडे एकच होतं.

"कुणाचं?"

"लखनौच्या एका बाईंचं. त्यांनापण आपल्यासारखंच कुणी विचारत नाही."

ग्वाल्हेर येईपर्यंत आम्ही हसत होतो.

त्यानंतर ती बदलत गेली, आणि मला ते आवडत होतं. रात्रीचे ऑनलाइन वर्ग केले, धोरणावरचा कसलासा अभ्यासक्रम पुरा केला. वर्गातल्या लोकांचा व्हॉट्सॲपवर गट होता, त्यात ती रोज काहीतरी लिहायची. कुठे परिषद असली की स्वतःहून विचारून बोलण्याची वेळ मिळवायची. तिला पर्याय नव्हता हेही खरं. प्रकल्प संपला की ती बेकार होणार होती, आणि कायम जागेची जाहिरात आमच्या संस्थेत कितीतरी वर्षांत निघाली नव्हती. मी ज्याला आवड म्हणत होते, ते तिच्यासाठी पोटाचंही होतं.

मग राज्य सरकारनं खात्यांमध्ये वैज्ञानिक सल्लागार नेमायचं ठरवलं. करार एका वर्षाचा, पुढे वाढवता येईल असा. त्या दिल्लीत भेटलेल्या साहेबांनी तिला स्वतः फोन करून अर्ज भरायला सांगितलं. तिची निवड झाली. ज्या दिवशी पत्र आलं त्या दिवशी तिनं सगळ्या विभागाला मावाबाटी, म्हणजे इथली खव्याची मिठाई, वाटली. आमचे संचालक, जे तोवर तिला नावानं ओळखतसुद्धा नव्हते, ते वाटी हातात धरून म्हणाले, "चला, आता आपलं माणूस आत आहे."

मलाही तसंच वाटलं होतं. मी घरी जाऊन नवऱ्याला तेच वाक्य सांगितलं.

सुरुवातीला ती रोज संध्याकाळी फोन करायची. मंत्रालयात तिला कॉरिडॉरच्या टोकाला, झेरॉक्स मशीनशेजारी टेबल मिळालं होतं. "ताई, इथे फाइल खालून वर जाते आणि वरून खाली येते, आणि मधल्या प्रत्येक माणसाला ती थांबवता येते, पुढे ढकलता मात्र एकालाच येते," ती सांगायची. आणि तो एक नेमका कोण, ते कुणालाच माहीत नसतं म्हणायची. काम काय करतेस विचारलं तर म्हणायची, भाषणं लिहिते. विज्ञान दिवसाचं, पोषण महिन्याचं, कुठल्यातरी उद्घाटनाचं. पडद्यावर दाखवायच्या पाट्या बनवते. "एकदा विश्वास बसू दे, मग आपला विषय काढते."

पहिला उन्हाळा तसाच गेला. दुसऱ्या वर्षी करार वाढला आणि फेब्रुवारीत तिचा फोन आला. "ताई, सगळं एका पानात लिहून द्या."

आमचा निबंध मोठा होता. मी त्याचं एक पान केलं. तिनं त्याचं अर्धं केलं. "इतकंच वाचतात," ती म्हणाली. मार्चमध्ये बैठक लागली. मी माझी चांगली साडी नेसून मंत्रालयात गेले. साहेब सज्जन होते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी सगळं ऐकलं, फोटो पाहिले, त्या फरशीवर पडलेल्या मुलीच्या फोटोवर थोडा वेळ थांबले. मग विचारलं, "यह कमरा किसका है?"

"किराए का है, सर," मी म्हटलं.

टेबलाभोवतीचे सगळे एकदम मागे टेकले. जणू परीक्षेचा पेपर संपला. एका वयस्कर बाबूंनी मला समजावून सांगितलं, की भाड्याच्या इमारतीवर शासनाला खर्च करता येत नाही. चुनासुद्धा नाही. मालकाला सांगा. मालकाला आम्ही आधीच विचारलं होतं. तो म्हणाला होता, मुलं रडतात म्हणून मी खोली काढून घेणारच आहे. वेळ बदलण्याचा अधिकार त्या खोलीत बसलेल्या कुणाकडेच नव्हता. झरोक्याबद्दल कुणी बोललंच नाही. साहेब उठताना म्हणाले, "रिपोर्ट बहुत अच्छी है। इसे छोड़िए मत।"

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी तिच्यावर चिडले. "तुला माहीत होतं ना भाड्याचं?"

"माहीत होतं."

"मग मला का बोलावलंस?"

"कारण मी सांगितलं तर ते सल्लागाराचं मत होतं, ताई. तुम्ही सांगितलं तर शास्त्रज्ञाचं." ती थकलेली दिसत होती. "मी सोडणार नाही. काहीतरी वाट असेल."

तिनं खरंच सोडलं नाही. घरी फाइलींच्या झेरॉक्स नेऊन वाचत बसायची. तिच्या नवऱ्यानं मला नंतर सांगितलं, की त्या दिवसांत ती झोपेत नियमांचे क्रमांक पुटपुटायची. आणि एप्रिलच्या शेवटी तिला वाट सापडली. जी जागा मुलांसाठी अयोग्य ठरेल, तिथलं केंद्र शासनाच्या पक्क्या इमारतीत हलवता येतं. त्याला नवा खर्च लागत नाही, म्हणून त्याला कुणाची हरकत नसते. आमच्या मोजमापांचा आधार देऊन तिनं टिपण लिहिलं. शेवटी तिला स्वतःला एक शब्द लिहावा लागला, 'अनुपयुक्त'. मंजुरी यायला जूनचा मध्य उजाडला.

"ताई, झालं!" फोनवर तिचा आवाज फुटत होता. "पक्की इमारत. सरकारी शाळेची खोली. पंखा आहे, दोन खिडक्या आहेत. झालं, ताई!"

त्या संध्याकाळी आम्ही दोघी आइस्क्रीम खायला गेलो. आपण आयुष्यात एक गोष्ट खरी घडवून आणली असं मला वाटलं. इतक्या वर्षांत मला आठवत नाही तसं कधी वाटल्याचं. ती पुढच्या खोल्यांचे बेत करत होती. शहरात अशा किती, जिल्ह्यात किती, यादी कशी करायची. तिचं आइस्क्रीम वितळून कपात पाणी झालं.

पावसानं थोडी उघडीप दिल्यावर, ऑगस्टमध्ये, मी आमची यंत्रं काढून आणायला त्या गल्लीत गेले. खोलीला नवं शटर होतं. आत मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. समोरच्या घरातली एक बाई ओट्यावर भांडी घासत होती. मी तिला ओळखत होते. फ्रॉकची घडी घालणाऱ्या मुलीची ती आई. मी विचारलं, मुलं आता नव्या जागेत जातात ना?

"कहाँ जाएँगे, मैडम? वो तो पटरी के उस पार है।"

मला क्षणभर कळलंच नाही.

"पुल से घूम के जाना पड़ता है। मैं सुबह छह बजे काम पे निकल जाती हूँ। इत्ते से बच्चे को कौन ले जाएगा?" ती राख लावून कढई घासत होती, माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या आवाजात राग नव्हता. "यहाँ तो सामने ही था। छोड़ के चली जाती थी। खाना भी मिल जाता था।"

"मग आता मुलगी कुठे असते?" मी गडबडीत मराठीतच विचारलं. तिला कळलं.

"घर में। बाहर से कुंडी लगा देती हूँ।"

मी तिच्या घराकडे पाहिलं. त्यावरही पत्राच होता.

मी जायला वळले तेव्हा ती म्हणाली, "आप लोग ही तो नापने आते थे न? वो कह रहे थे, नापने से बंद हुआ।"

मी रिक्षात बसून मैत्रिणीला फोन केला. तिच्यामागे झेरॉक्स मशीन चालू होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "उद्या सकाळी आपण दोघी जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गल्लीतून नव्या जागेपर्यंत पायी गेलो. नकाशावर ती जागा अगदी जवळ दिसते. मध्ये रुळांचं जाळं आहे, भिंत आहे. मोठी माणसं भिंतीच्या भगदाडातून रूळ ओलांडतात, पण तीन वर्षांच्या मुलाला घेऊन कुणी तसं जाणार नाही. पुलावरून जायचं तर ट्रकांच्या बाजूनं, चिखलातून. ती पुढे चालत होती, मी मागे. एकदाही वळून पाहिलं नाही तिनं.

शाळेची खोली खरोखर चांगली होती. भिंतींना पिवळा रंग, दोन खिडक्या, पंखा. तिथे आधीपासून एक केंद्र चालायचं, त्यातच आपलं मिसळून टाकलं होतं. पलीकडच्या वस्तीची मुलं जेवायला बसली होती. आमची जुनी सेविका कोपऱ्यात रजिस्टर घेऊन बसली होती. आम्हाला बघून उठली.

"आपल्या गल्लीतली किती येतात?" माझ्या मैत्रिणीनं हिंदीत विचारलं.

"कोई नहीं, मैडम। शुरू में दो आए थे।"

"आणि मदतनीस बाई?"

"उसका नाम हट गया। एक केंद्र में एक ही सहायिका रहती है न।" मग आम्हाला वाईट वाटू नये म्हणून असेल, ती म्हणाली, "कमरा तो बढ़िया है। एकदम ठंडा।"

माझी मैत्रीण पंख्याखाली उभी होती. तिचे केस उडत होते आणि ती ते सावरत नव्हती. मी तिच्या खांद्याला हात लावला तर ती दचकली.

तिनं तो निर्णय फिरवायचा खूप प्रयत्न केला. पण तोवर ते सज्जन साहेब बदलून दुसऱ्या विभागात गेले होते. त्यांना फोन केला तर त्यांनी खेद व्यक्त केला, नव्या अधिकाऱ्याला भेटा म्हणाले. नवे अधिकारी तरुण होते, घाईत होते. तिनं मला त्या भेटीचं सांगितलं तेव्हा आम्ही मंत्रालयाच्या बाहेर, चहाच्या टपरीशेजारी उभ्या होतो.

"त्यांनी फाइल उघडली, ताई, आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. म्हणाले, इस कमरे को आपने ही अनुपयुक्त लिखा है। अब आप ही उपयुक्त लिखेंगी?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? खोली अयोग्यच होती ना. आपण मोजलं होतं." तिनं न पिता कप कठड्यावर ठेवला. "त्यातलं एक अक्षर खोटं नाही."

गल्लीतच दुसरी खोली शोधावी, असंही तिनं सुचवून पाहिलं. भाड्याच्या नव्या जागा घ्यायचं त्या वर्षी बंद होतं. मालक म्हणाला, मंडपवाला वेळेवर भाडं देतो. संस्थेकडून मी पत्र पाठवलं. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, असं उत्तर आलं. पुढे काही नाही.

तिचा करार मार्चमध्ये संपला आणि वाढला नाही. कुणी तिच्यावर ठपका ठेवला नाही. नव्या साहेबांनी आपली माणसं आणली, इतकंच. निरोपाला फुलांचा गुच्छ दिला म्हणे. ती आमच्या संस्थेत संचालकांना भेटायला आली तेव्हा मी बरोबर गेले. आमचा प्रकल्प संपलेला होता. नव्या प्रकल्पासाठी वयाची अट होती आणि ती तिनं ओलांडली होती. संचालक प्रेमानं बोलले. "तुम्ही आता धोरणातल्या झालात. प्रयोगशाळेत काय करणार?" आणि नंतर, "तुमच्या ओळखी केवढ्या आहेत! तुम्हाला काय कमी?"

ओळखी खरंच होत्या. तिनं एकेकाला फोन केले. दिल्लीच्या वर्गातले, परिषदांतले, व्हॉट्सॲपच्या गटातले. सगळे चांगले बोलले, लगेच बोलले. कुणी म्हणालं बायोडेटा पाठव, कुणी म्हणालं पुढच्या महिन्यात काहीतरी निघतंय. निम्म्या लोकांनी तिला नव्या कार्यशाळांचे दुवे पाठवले. मुलाखती झाल्या. विज्ञानाच्या मुलाखतीत विचारायचे, गेल्या दोन वर्षांत तुमचं छापून काय आलं? धोरणाच्या मुलाखतीत विचारायचे, तुमच्या कामाचा एखादा ठोस परिणाम सांगा. एकदा ती म्हणाली, "ताई, परिणाम तर आहे माझ्याकडे. सांगू कसा?"

त्या वर्षी मी तिच्याकडे बऱ्याचदा जायचे. कोलार रोड तेव्हा खणून ठेवला होता. धुळीनं तिच्या गॅलरीतली तुळस राखाडी झाली होती. ती दुपारी पडदे ओढून बसायची. मी काही वाचायला नेलं तर बाजूला ठेवायची. मी समजूत घालायचे, की चूक नियमांची आहे, नकाशा बघून सही करणाऱ्याची आहे. ती ऐकून घ्यायची. खरं सांगायचं तर माझाही त्या समजुतीवर विश्वास नव्हता. आम्ही दोघींनी उचललेलं प्रत्येक पाऊल मी मनात पुन्हापुन्हा तपासलं. मोजणं, लिहिणं, दिल्ली, ते अर्धं पान, तो शब्द. कुठलंही एक काढून टाकावं असं सापडत नव्हतं. सापडलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढच्या मे महिन्यात तिच्या नवऱ्याची बदली दक्षिणेकडच्या कारखान्यात झाली. सामान बांधायला मी गेले होते. तिनं पुस्तकांचे दोन ढीग केले, एक न्यायचा आणि एक द्यायचा. धोरणावरची सगळी पुस्तकं द्यायच्या ढिगात होती, आणि विज्ञानाचीही. न्यायच्या ढिगात पाककृतींची दोन आणि मुलाची शाळेची.

"ही तरी ने," मी तिच्या शरीरशास्त्राच्या जाड पुस्तकावर हात ठेवून म्हटलं.

"जड होतं, ताई."

आम्ही गुंडाळलेल्या गादीवर बसून भात-वरण खाल्लं, कारण तेवढीच भांडी बाहेर होती. जेवताना ती म्हणाली, "मला वाटतं कधीकधी, कुणावर तरी चिडता आलं पाहिजे. मी रात्री एकेकाला डोळ्यांसमोर आणते. साहेब, बाबू, मालक. चिडता येत नाही. प्रत्येकानं आपापलं बरोबर केलं होतं."

"तूपण," मी म्हटलं.

"मीपण," ती म्हणाली. तिनं ताट उचललं आणि नळ सोडून बराच वेळ ते धूत राहिली.

ट्रक संध्याकाळी गेला. ते लोक रात्रीच्या गाडीनं. स्टेशनवर मी गेले नाही. तिनंच नको म्हटलं.

तिकडे ती एका शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. मुलं गोंगाट करतात, भाषा येत नाही, पण वेळ जातो म्हणते. दिल्लीच्या त्या गटातून ती बाहेर पडली आहे. मी अजून आहे. तिथे रोज कुणाचं तरी अभिनंदन चालू असतं. मी नवा प्रकल्प मागितलेला नाही. संस्थेत मला समित्यांची कामं देतात, ती करते. खोलीतलं दुसरं टेबल रिकामंच आहे.

सुरुवातीला आम्ही आठवड्याला बोलायचो. आता सणावाराला बोलतो. गेल्या महिन्यात तिचा फोन आला तेव्हा मी नुकतीच त्या गल्लीतून जाऊन आले होते. तसं काही काम नव्हतं. त्या बाईच्या दाराला बाहेरून कडी होती आणि आतून कुणीतरी पत्र्याच्या डब्यावर चमचा वाजवत होतं. मी हाक मारली तशी आवाज थांबला. मी थोडा वेळ उभी राहिले आणि निघाले.

फोनवर इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, "तिकडे गेला होतात का, ताई? काही कळलं?"

"नाही गं," मी म्हटलं. "वेळच नाही झाला."

"बरं," ती म्हणाली. मग तिनं तिकडच्या खाऱ्या पाण्याबद्दल सांगितलं, डाळ शिजत नाही म्हणाली. सोडा घालून बघ, असं मी सुचवलं.